दशमीचं पाणी

रजा मी हळदीसाठी टाकली होती. चुलतदिराच्या मुलाची हळद, घणसोलीत, संध्याकाळी सात वाजता. दिवसभर घरी थांबले असते तर मंडपात कांदे कापायला नाहीतर पाहुण्यांच्या चहाला उभी राहिले असते. त्यामुळे आदल्या रात्री भाचीचा फोन आला तेव्हा मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

"मावशी, उद्या एक माणूस कमी पडतंय. काकांच्या मित्राची कंबर धरलीय. तुला काही करायचं नाही. नुसतं बसायचं, वजन म्हणून."

वजन म्हणून मला आजवर कुणी कुठे बोलावलं नव्हतं.

काका म्हणजे कॅप्टनकाका. आयुष्य मालवाहू जहाजांवर काढून आता सीवूड्सला राहतात. तीन निवृत्त मित्रांनी मिळून एक जुनी, 24 फुटी शिडाची होडी घेतलीय. भाची गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाते. मी मात्र वाशीच्या बँकेत काचेमागे बसणारी. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये तीन-चारदा बसले होते, तेवढाच माझा समुद्र.

रात्री काकांचा मेसेज: "उद्या दशमी. साडेसातची भरती. सव्वासातला जेट्टीवर. पांढऱ्या तळव्याचे बूट. काळे नकोत, डेकवर डाग पडतात." तिथी कशाला सांगतायत ते मला कळेना. सकाळी नेरूळच्या जेट्टीवर दिवाळे गावचे एक दादा भेटले. साठीचे, कोळी, होडीची डागडुजी बघतात आणि दर फेरीला बरोबर असतात. त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. तिथीची पाऊणपट करायची. दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. काकांच्या मोबाइलमधल्या तक्त्यात वीस मिनिटांचा फरक निघाला, तर दादा म्हणाले, "ते वीस मिन्टं मोबाइलची."

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. दशमी म्हणजे अजून भांगाचंच पाणी. हे सगळं काकांनी मला सकाळीच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. संध्याकाळी त्याची आठवण झाली.

निघण्याआधीचा पाऊण तास मात्र निव्वळ कारकुनी. चौघांची नावं आणि फोन नंबर किनाऱ्यावर एकाकडे लिहून ठेवले, परतायची वेळ लिहिली. लाइफ जॅकेट घालून, पट्टे ओढून काकांनी प्रत्येकाला खांद्यापाशी धरून वर खेचून बघितलं. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर पट्टा सैल. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेहून निघालेली फेरीबोट उलटून माणसं गेली, तेव्हापासून जेट्टीवर जॅकेटच्या बाबतीत कुणी थट्टा करत नाही. मग मागचं 5 अश्वशक्तीचं इंजिन, पेट्रोल, पाणी, बोटींचा व्हीएचएफ रेडिओ, मदत मागायच्या चॅनल 16 वर. आणि बाईमाणसाने विचारायलाच हवा असा प्रश्न मी भाचीला हळूच विचारला. उत्तर आलं: आतली छोटी केबिन, पडदा आणि बादली. हे आधी सांगितलं असतं तर मी सकाळचा दुसरा चहा घेतला नसता.

पाण्यावर आल्यावर होडीचं नाक वाऱ्याकडे धरायचं आणि मग शीड चढवायचं. वारा समोरून असला की शीड नुसतं फडफडतं, ओढत नाही, म्हणून ते वर चढवता येतं. माझ्या हातात दोर आला. डोलकाठीच्या आतून वर जाऊन शिडाच्या टोकाला बांधलेला. विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या गोल चरकीवर, तीन वेढे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आणि मग ओढ. पहिले वीस फूट शीड लोण्यासारखं वर गेलं, शेवटच्या तीन फुटांनी माझा खांदा काढला. दादा मागून म्हणाले, "ताय, दोरीच्या वेटोळ्यात पाय नको ठेवू." मी खाली बघितलं. दोन्ही पाय वेटोळ्यातच होते.

सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. थंडीत तो ईशान्येकडून येतो, हलका, गार. आम्हाला नैऋत्येला जायचं होतं, म्हणजे वारा पाठीवर, आणि भरती संपून पाणीही बाहेर निघालेलं. काकांनी इंजिन बंद केलं. त्यानंतरची शांतता मी विसरणार नाही. लाँचमध्ये इंजिनच्या आवाजात समुद्र कधी ऐकूच येत नाही. इथे होडीच्या पोटाखालून पाणी सरकत गेल्याचा आवाज येत होता, नळ बारीक सोडल्यासारखा. डावीकडे उलव्याचे टॉवर, उजवीकडे मागे पडत जाणारं नेरूळ, पामबीच रोडवरच्या गाड्या, आणि त्या गाड्यांचा आवाज नाही.

अटल सेतूवरून मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा 250 रुपये टोल भरून. वरून जाताना तो रस्ता वाटतो. 21.8 किलोमीटर, त्यातला 16.5 समुद्रावर, पण शेवटी रस्ताच. खालून तो काय आहे ते कळतं. होडी जवळ जायला लागली तशी मला खात्री पटली की डोलकाठी आपटणार. मी काकांकडे बघितलं, ते बिस्किट खात होते. भाची म्हणाली, "सगळ्यांना असंच वाटतं, वर बघू नकोस." मी वर बघितलंच. डोलकाठीचं टोक पुलाच्या पोटाला लागणार, लागणार, आणि मग दोन्हींच्या मध्ये भलीमोठी जागा. सावलीत शिरल्यावर गारवा जाणवला आणि वरून टायरांची लय ऐकू आली, धडक-धडक, सांध्यांवरून. काँक्रीटच्या पायांवर भरतीच्या खुणा, कालवं, शेवाळ. पूल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. कालवांनी तेवढ्यात संसार थाटलाय.

पुढे घारापुरी. त्याच्या पलीकडे जेएनपीटी बंदराच्या क्रेन, रांगेत उभ्या, आणि खाली कंटेनरांनी भरलेलं एक जहाज, आमच्या होडीपुढे अख्खी सोसायटी. नियमाने यंत्रावर चालणाऱ्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यायची असते. मी हे कुठेतरी वाचलं होतं आणि सांगितलंही. काका हसले. "त्याला वळायला दोन किलोमीटर लागतात. अरुंद मार्गात मोठ्या जहाजाच्या आड यायचं नाही, हाही नियमच आहे. पहिला नियम सगळ्यांच्या लक्षात राहतो." म्हणून आम्ही बेटाच्या उत्तरेकडून, पश्चिमेच्या अंगाने गेलो. मध्ये मासेमारीच्या डोल जाळ्यांचे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा. कुठे थर्माकोलचा तुकडा, कुठे डिझेलचा कॅन. ते शोधायचं काम माझं. त्यांचा दोर कीलमध्ये, होडीच्या तळाखालच्या जड पात्यात, अडकला तर होडी जागच्या जागी थांबते आणि कुणाचं तरी जाळं फाटतं. दादा म्हणाले, "बोया दिसला का बोट दाखव. वरडू नको." मी तीनदा बोट दाखवलं, एकदा ओरडले.

घारापुरीकडे बघून दादा म्हणाले की दिवाळीत गावचा बहिरी देव इथल्याच पाण्यातून वर काढतात आणि पूजा झाली की परत पाण्यात सोडतात. मी बेटाबद्दल जे सांगू शकत होते ते सगळं बँकेतल्या माणसाचं होतं: लेणी 1987 पासून जागतिक वारशात आणि कायमची वीज मात्र 2018 साली, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. दादांना दुसरी गोष्ट जास्त आवडली. "मोराबंदरला आमचे सोयरे. पैले जनरेटर बंद झाला का झोपायचं."

साडेदहाला वारा मेला. मेला म्हणजे अगदी. शीड घरातल्या पडद्यासारखं लोंबलं. सकाळचा वारा संपलेला, दुपारचा समुद्राकडून यायचा बाकी. मध्ये तासदीड तास काहीच नाही. पाणी मात्र चाललेलं, त्यामुळे शीड लोंबकळत असताना आम्ही हळूहळू दक्षिणेला सरकत होतो. याच वेळी पोटात ढवळायला लागलं. चालत्या होडीत नाही, थांबलेल्या होडीत. खाली केबिनमध्ये जाणं सगळ्यात वाईट, हे बादलीच्या निमित्ताने कळलं. त्यावर उपाय म्हणजे आल्याचा तुकडा दाढेखाली आणि नजर क्षितिजावर. क्षितिज त्या दिवशी धुरकटच होतं, पण मी ते धरून ठेवलं.

घारापुरीच्या आडोशाला नांगर टाकून जेवलो. माझी थालीपिठं, भाचीचं सँडविच, दादांच्या तांदळाच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. थालीपिठं तशीच राहिली. मघाशी ढवळणारं पोट चटणीला नाही म्हणालं नाही.

साडेबाराच्या सुमाराला पश्चिमेकडे पाण्याचा रंग बदलला. गडद निळा पट्टा, आमच्याकडे सरकत येणारा. काका म्हणाले, "आला." मग तोंडावर पहिली झुळूक, खारट. आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळं वेगळं झालं. खारा वारा वायव्येकडून, सकाळच्या दुप्पट. आम्हाला आता उत्तरेला चढायचं होतं, म्हणजे वारा डाव्या खांद्यावर. होडी उजवीकडे कलली. कलली म्हणजे माझा उजवा हात पाण्याला लागेल इतकी. कपाटातल्या बाटल्या गडगडत एका बाजूला गेल्या.

"वजन!" काका ओरडले, आणि मी इथे कशाला आले ते मला कळलं. वरच्या कडेवर चढून, पाय बाहेर सोडून, छाती कडेच्या कठड्याच्या तारेला टेकवून बसायचं. तिघांनी बसलं की होडी जराशी सरळ होते आणि वेग धरते. उलटत कशी नाही, हे विचारायची माझी हिंमत नव्हती; भाचीने आपणहून सांगितलं. होडीच्या एकूण वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाली कीलमध्ये आहे. जितकी कलेल तितकं ते वजन तिला परत ओढतं. "बाहुली असते ना, ढकलली तरी उभी राहते, तशी." समजलं. तरी तार सोडली नाही.

अर्ध्या तासाने काकांनी मला टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दिला. स्टिअरिंग नाही, एक लाकडी दांडा. उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे. पंचवीस वर्षं स्कूटर चालवलेल्या हातांना हे पटेना. पहिली पाच मिनिटं आमची वाट पाण्यावर नागमोडी उमटली होती, मागे बघितलं तर दिसत होती. काकांनी शिडावर चिकटवलेले लोकरीचे दोन धागे दाखवले, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोन्ही सरळ मागे वाहत असले की शीड नीट भरलंय. एक जरी नाचायला लागला तर दांडा जरासा. जरासा म्हणजे दोन बोटं. मी धागे बघत राहिले आणि एकदम कधीतरी हाताला कळायला लागलं. दांड्यातून बारीक थरथर येत होती, होडी जोरात असताना घट्ट, सैल झाली की नाहीशी. डोळे मिटून थोडा वेळ चालवलं. कुणाला सांगितलं नाही.

इथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. बिघडवलं मी.

ओहोटी दीड-दोनला संपली होती. काकांचा बेत असा की चारपर्यंत बाहेरच दोन-चार फेऱ्या मारायच्या, भरतीचं पाणी खाडीत पुरेसं चढू द्यायचं आणि पाचनंतर आत शिरायचं. तीन वाजता मी घड्याळ बघितलं. साडेतीनला परत बघितलं. मग म्हणाले, "काका, जरा लवकर नाही का जमणार? आज घरात हळद आहे. मोठी जाऊ मी."

ते कधीच नाही म्हणत नाहीत, हा त्यांचा दोष. "बघू," म्हणाले. वाराही सुरेख होता. आता पूर्वेला वळल्यावर तो मागून येत होता, होडी सरळ उभी राहून पळत होती, आणि अशा वेळी थांबू या असं म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही. समुद्रातून आत येताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला ठेवायचा, हे मला सकाळीच शिकवलं होतं. पण खाडीच्या वळणावर आम्ही जरा आतून, जवळच्या वाटेने घेतलं. दादा काही बोलले नाहीत. फक्त उठून पुढे जाऊन उभे राहिले.

खोली दाखवणारं यंत्र बोलायला लागलं. 2.1. 1.8. आमची कील पाण्याखाली 1.2 मीटर. 1.5. काकांनी टिलर ढकलला. 1.3.

धक्का बसला नाही. स्कूटर वाळूत शिरते तसं झालं. वेग कुणीतरी मऊ हाताने धरून ठेवला, आणि आम्ही सगळे एक पाऊल पुढे गेलो. शिडं अजून भरलेली होती आणि ती आम्हाला आणखी आत ढकलत होती. पुढचं शीड भाचीने झटक्यात पाडलं. मोठं उतरेना, वारा मागून असल्यामुळे ते डोलकाठीच्या तारांवर दाबलं गेलं होतं. दोघं त्याला लोंबकळले तेव्हा उतरलं. इंजिन उलटं लावलं, तर मागून काळा चिखल उसळला आणि असा वास आला की तोंड फिरवावं. चिखल पाण्याबरोबर इंजिनात ओढला जाऊ नये म्हणून तेही बंद केलं. मग सगळे एका कडेला बसलो. होडी कलली की कील थोडी उचलली जाते. ती कलली, हलली नाही. दादांनी नांगर खोल पाण्याच्या बाजूला जमेल तितका लांब फेकला, होडी सुटली की वाऱ्याने आणखी आत जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, उतरून ढकलू या का. दादांनी उत्तर दिलं नाही. बांबू घेतला आणि बाजूच्या चिखलात दाबला. तो दादांच्या कमरेइतका आत गेला, तरी तळ लागेना. मग ओढून काढला, पुसला, जागेवर ठेवला.

"किती वेळ?" मी.

"पानी येल तवा," दादा.

काकांनी मला एकदाही काही ऐकवलं नाही, उलट समजावत बसले. चढत्या पाण्यात रुतलो, हे नशीब. उतरत्या पाण्यात रुतलेल्याला आधी होडी आडवी होताना बघावी लागते. आणि उधाणाच्या ऐन माथ्यावर जो रुततो, तो पुढचं उधाण येईपर्यंत पंधरा दिवस तिथेच. आज दशमी, भांगाचं पाणी, चढेल पण सावकाश. मी घरी फोन केला. "उशीर होईल." "ट्रॅफिक?" "नाही." पुढे काय सांगावं ते सुचेना, म्हणून म्हणाले, "हो, ट्रॅफिक."

आणि मग बसून राहण्यापलीकडे काही नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं मी मनात साडीचा, गजऱ्याचा, रिक्षाचा हिशेब करत होते. मग चिखल हलताना दिसला. निवट्या. बोटाएवढे मासे, डोक्यावर डोळे, पाण्याबाहेर पंखांवर सरपटत चाललेले. दोघांचं भांडण लागलं होतं. पाठीवरचा पंख उभा करून एकमेकांवर धावत होते, भांडणाची जागा म्हणजे दोन ताटांएवढी. त्यांच्या पलीकडे लाल नांगीचे चिमुकले खेकडे, सगळे एकाच नांगीने कुणाला तरी बोलावत असल्यासारखे. आणि त्यांच्याही पलीकडे, पाण्याच्या कडेने, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. शे-दीडशे असतील. पामबीच रोडवरून मी त्यांचे फोटो काढलेत, फोटोत गुलाबी ठिपके येतात. इथे त्यांचा आवाज येत होता, बदकासारखा, अगदी साधा. चोच उलटी करून पाण्यात घालून ते चाळत होते, आणि चालताना पायांनी चिखल तुडवत होते. दर काही मिनिटांनी डोक्यावरून एखादं विमान उलव्याच्या नव्या विमानतळाकडे उतरायचं. रोहित मान वर करायचे नाहीत. आम्ही करायचो.

पाणी येताना दिसत नाही. मी निवट्यांच्या त्या ताटाएवढ्या जागेवर नजर ठेवून होते. ती ओली होती, मग चकाकायला लागली, मग तिथे नव्हतीच. रोहित एकेक पाऊल किनाऱ्याकडे सरकले. कललेली होडी सरळ होत आली. कपाटातली एक बाटली हळूच परत गडगडत मधे आली. यंत्रावर 1.2, बराच वेळ 1.2. पूर्वेला चंद्र फिकट दिसत होता. पाच वाजून वीस मिनिटांनी दादांनी नांगराचा दोर ओढला आणि या वेळी दोर नाही, होडी हलली.

जेट्टीवर यायला सहा वाजले. शीड घडी घालणं, गोड्या पाण्याने डेक धुणं, दोर गुंडाळणं, हे सगळं केल्याशिवाय काका कुणाला सोडत नाहीत, हळद असली तरी. नांगराच्या दोराचा चिखल मीच धुतला. तो माझ्या वाट्याचा होता.

घणसोलीत पोहोचले तेव्हा आठ वाजत होते. डीजे रस्त्यापासूनच ऐकू येत होता. अंगावर साडी, ओठांवर मीठ आणि नखांत काळा चिखल. रिक्षात टाचणीने काढायचा प्रयत्न केला होता, निघाला नाही. नवऱ्या मुलाला हळद लावताना तो हात जमेल तेवढा मुठीत ठेवला. मग ताट घेऊन उभी राहिले तर मंडप डुलायला लागला. पाय आपोआप रुंद पडले, जणू कुणी आता "वजन!" म्हणून ओरडणार आहे.

चुलतसासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, जन्म खाडीकाठी गेलेला. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी माझा हात धरला, नाकाशी नेला.

"खारीत गेलतीस?"

मी हो म्हणाले.

त्यांनी माझी नखं बघितली. मग मंडपाच्या बाहेर, चंद्राकडे.

"दशमी ना आज," म्हणाल्या. "आता भरली असंल. निवट्या आनल्यास का?"